‘सर्व ओके’ लिहू नका

इमारत आणि आपण : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

(दुकानसंकुलं, ऑफिसच्या इमारती, दवाखाने, मंगल कार्यालयं सांभाळणाऱ्यांसाठीचं हे सदर. उत्तरं देणाऱ्या ताई इलेक्ट्रिकल डिप्लोमा करून आधी कारखान्याच्या युटिलिटीत (वीज-पाणी पुरवणाऱ्या विभागात) होत्या. नंतर नागपुरातल्या ऑफिस इमारतींची देखभाल त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली.)

प्रश्न : ताई, सीताबर्डीतल्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये खाली दुकानं, वर ऑफिसं आहेत. मी असोसिएशनचा सचिव. तक्रारींसाठी आम्ही एक अॅप घेतलं, वर्षाचे पैसे आगाऊ भरले. वापरत कोणीच नाही. सगळे जुन्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच ओरडतात. लोकांना शिस्त कशी लावायची?
— सचिव, सीताबर्डी

उत्तर : सचिवसाहेब, लोकांची शिस्त नंतर बघू, आधी तुमच्या अॅपचा फॉर्म बघू. तुम्ही पाठवलेल्या फोटोत दिसतं की तक्रार करण्याआधी ईमेल हवा, पासवर्ड हवा, मग प्रकार निवडायचा. प्रकारांत ‘एचव्हीएसी’, ‘सिव्हिल’, ‘सॉफ्ट सर्व्हिसेस’ असं लिहिलंय. तुमच्या तळमजल्यावर साडीचं दुकान आहे. समोर गिऱ्हाईक बसलंय, छतातून पाणी टपकतंय, आणि त्या माणसानं ठरवायचं की ही गळती सिव्हिलमध्ये मोडते की प्लंबिंगमध्ये? तो ग्रुपवर ‘पानी टपक रहा है भाऊ, जल्दी आदमी भेजो’ असंच टाकणार. मी असते तरी तेच केलं असतं.

आता ग्रुपचं दुखणं. त्या पाण्याच्या निरोपावर दहा मिनिटांत झेंडूच्या फुलांचा सुप्रभात येतो, मग कुणाच्या नातवाचा वाढदिवस, मग पार्किंगवरून भांडण. प्लंबर दुपारी ग्रुप उघडतो तेव्हा पाण्याचा निरोप वर निघून गेलेला असतो. शिवाय ग्रुपवर सगळ्यांना सांगितलं म्हणजे कुणा एकाला सांगितलं असं होत नाही. प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल.

तुमच्याकडे भरलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून असं करा. ग्रुप बंद करू नका, तक्रार तिथं येऊ द्या. मात्र एक माणूस नेमा, ज्याचं कामच ते. तुमच्याकडे दुपारी रिकामा असलेला रिसेप्शनचा मुलगा चालेल. ग्रुपवरची तक्रार त्यानं उचलायची, अॅपमध्ये स्वतः चढवायची आणि तक्रार करणाऱ्याला परत कळवायचं. तक्रार करणाऱ्यानं फक्त चार गोष्टी सांगायच्या : कुठे, काय, केव्हापासून, आणि आत यायला कोण भेटेल. शेवटची गोष्ट लोक नेहमी विसरतात. मग प्लंबर शटरसमोर उभा राहून परत जातो आणि रजिस्टरमध्ये ‘दुकान बंद’ लिहितो. मराठी, हिंदी, सिंधी, मारवाडी, ज्याला जी भाषा येते तीत सांगू द्या, बोलून पाठवलं तरी चालवून घ्या. लिहायला सांगितलं की अर्धे लोक गप्प बसतात, आणि गप्प बसलेला भाडेकरू ओरडणाऱ्यापेक्षा महाग पडतो. तो थेट करार संपल्यावर बोलतो.

तुमच्याकडून परत जाणारे निरोप तीन. ‘पाहिलं, अमुक येतोय.’ ‘कारण हे आहे, एवढा वेळ लागेल.’ ‘झालं, बघून सांगा.’ मधला निरोप सगळ्यात जास्त महत्त्वाचा आणि तोच कुणी पाठवत नाही. पार्ट मुंबईहून यायला चार दिवस लागणार असतील तर पहिल्या दिवशीच सांगा. माणूस चार दिवस थांबतो. चार दिवस काहीच न कळणं त्याला सहन होत नाही. आणि तक्रार ‘बंद’ करायचा अधिकार तक्रार करणाऱ्याकडे ठेवा. टेक्निशियननं स्वतःच बंद करायची सोय असली की महिनाअखेरीचा तक्ता फार सुंदर दिसतो, छत मात्र टपकतच राहतं.

लिफ्टमध्ये माणूस अडकला, जळका वास आला, धूर दिसला, पाण्यात करंट आहे असं वाटलं, तर अॅपही नको आणि ग्रुपही नको. थेट फोन. तो नंबर प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दाराशी मोठ्या अक्षरात लावा आणि रात्री तो उचलतं कोण हे एकदा स्वतः लावून बघा.

प्रश्न : मॅडम, रामदासपेठेतल्या सात मजली ऑफिस इमारतीत मी टेक्निकल सुपरवायझर आहे. चिलर प्लँट (पाणी गार करून इमारत थंड ठेवणारी यंत्रं) आहे, बीएमएस (ही यंत्रं संगणकाच्या स्क्रीनवर दाखवणारी यंत्रणा) आहे. मे महिन्यात चौथा मजला ‘गरम होतंय’ म्हणून रोज फोन करतो, तिसऱ्यावरच्या मुली शाल घेऊन बसतात. बीएमएसवर दोन्हीकडे २४ दिसतंय. मी स्क्रीनचा फोटो पाठवतो तर लोक आणखी चिडतात.
— सुपरवायझर, रामदासपेठ

उत्तर : चिडणारच. माणसाला घाम आलाय आणि तुम्ही त्याला आकडा दाखवताय.

स्क्रीनवरचे २४ हे सेन्सरचे २४ आहेत, त्या माणसाच्या खुर्चीचे नव्हेत. सेन्सर कुठे बसवलाय ते वर जाऊन बघा. बऱ्याच इमारतींत तो परत येणाऱ्या हवेच्या डक्टमध्ये असतो, म्हणजे पूर्ण मजल्याची सरासरी दाखवतो. भिंतीवर असेल तर भाडेकरूनं त्याच्यापुढे कपाट सरकवलेलं असतं, नाहीतर शेजारी प्रिंटर ठेवलेला असतो. चौथ्या मजल्यावर गेल्या वर्षभरात नव्या केबिन पडल्यात का विचारा. मी पैज लावते, पडल्या असतील. प्लायवूडची भिंत पडली की थंड हवा सोडणारी जाळी एका बाजूला राहते, हवा परत ओढणारी दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या केबिनमधला साहेब शिजतो. हे दुखणं बीएमएस कधीच दाखवणार नाही, कारण त्याच्या नकाशात ती भिंतच नाही. म्हणून करारात एक ओळ हवी : आतली रचना बदलण्याआधी देखभाल विभागाला नकाशा दाखवायचा. ही ओळ लिहायला काही लागत नाही. ती नसल्यामुळे डक्ट बदलायला मात्र लाख लागतात.

दुसरं, ताजी हवा. मे महिन्यात बाहेर ४४-४५ असतं म्हणून आपले ऑपरेटर बाहेरच्या हवेचा डॅम्पर (झडप) गुपचूप बंद करतात. बिल वाचतं हे खरं. पण बंद हॉलमध्ये साठ माणसांचा श्वास साठत जातो, दुपारी तीनला डोकं जड होतं, आणि लोक फोनवर ‘गरम होतंय’ असं सांगतात, कारण त्यांना दुसरा शब्द सुचत नाही. कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र घ्या. बाहेरच्या हवेत तो सुमारे ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२०) असतो. आत १००० च्या खूप पुढे गेला तर तुमची तक्रार तापमानाची नाहीच, हवेची आहे. सेट पॉइंट (एसीला ठरवून दिलेलं तापमान) २४ वरून २१ केला तर तिसऱ्या मजल्यावर आणखी शाली येतील, चौथा तसाच राहील.

तिसरं, प्लँट. इथं नागपूरची एक गंमत आहे, ती नव्या पोट्ट्यांना मी मुद्दाम सांगते. चिलरची उष्णता बाहेर टाकणारा कूलिंग टॉवर माठासारखा चालतो, पाणी उडून जाताना उरलेलं गार करतो. त्यामुळे त्याला बाहेर किती ऊन आहे यापेक्षा हवा किती कोरडी आहे हे जास्त कळतं. मे महिन्यात ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर वेट बल्ब तापमान (पाणी उडून जाताना जिथवर गार होऊ शकतं ते) साधारण २३ येतं. जुलैत ३० अंश आणि ८५ टक्के असेल तर तेच जवळपास २८ होतं. म्हणजे आपल्याकडे टॉवर मे महिन्यात उलट जास्त गार पाणी देऊ शकतो. इमारतीवरचा उष्णतेचा बोजा तेव्हा जास्त असतो ते वेगळं. तेव्हा ‘मॅडम, ऊन फार आहे म्हणून टॉवर खेचत नाही’ असं ऑपरेटरनं सांगितलं तर ऐकून घेऊ नका, टॉवरवर चढा. नोझल चोंदलेले असतील, फिल्समध्ये (पाणी पसरवणाऱ्या जाळ्यांत) क्षार जमले असतील, पंख्याचा पट्टा सैल असेल.

क्षारांचं म्हणाल तर मे महिन्यात पाणी जास्त उडतं, क्षार मागे राहतात, आणि भर म्हणून बोअरचं जड पाणी सोडलेलं असतं. ते क्षार कंडेन्सरच्या (चिलरची उष्णता टॉवरच्या पाण्यात सोडणाऱ्या भागाच्या) नळ्यांत बसतात. याची चाहूल लागते ती अप्रोचवरून : रेफ्रिजरंटचं (चिलरमधल्या वायूचं) कंडेन्सिंग तापमान आणि कंडेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान यांतला फरक. नळ्या साफ असताना तो एक-दोन अंश असेल आणि आठवड्यागणिक सरकत चार-पाचवर गेला, तर चिलर बंद पडायची वाट न बघता ब्रशिंग करून घ्या. हा आकडा तुमच्या बीएमएसवर किंवा चिलरच्या पॅनलवर बहुधा आत्ताही आहे. तो कुणी रोज एका कागदावर उतरवून शेजारी कालचा आकडा ठेवतं का, एवढाच प्रश्न.

आणि बोलायचं कसं? फोन आला की ‘सिस्टीमवर तर बरोबर आहे’ हे वाक्य तोंडातून काढूच नका. साधा थर्मामीटर घेऊन वर जा, तक्रार करणाऱ्याच्या टेबलावर त्याच्यादेखत ठेवा, चहा होईपर्यंत थांबा. आकडा त्यानंच वाचायचा. २७ आला तर तो बरोबर. २४ आला तर तोच सांगेल की सर, मागून काचेतून ऊन येतंय. पश्चिमेच्या काचेला त्या वेळी हात लावून बघा म्हणजे कळेल. पडदा किंवा फिल्म लावा, चिलरच्या मागे लागू नका.

प्रश्न : आमच्या इमारतीसाठी एका कंपनीनं सेन्सर, क्लाउड डॅशबोर्ड, एआय वगैरेचा प्रस्ताव दिलाय. रक्कम मोठी आहे. घ्यावं का?
— इमारतमालक, वर्धा रोड

उत्तर : काका, आधी गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं टेबलावर मांडा. पहिलं पान नाही, आतलं.

तिथं कॉन्ट्रॅक्ट डिमांड (महावितरणशी करारात ठरलेली विजेची मागणी) किती, नोंदली गेलेली कमाल मागणी किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी बघा. मे महिन्यात मागणी करारापेक्षा वर जात असेल तर जादा मागणीचा आकार वाढीव दरानं लागतो. वर्षभर ती करारापेक्षा खूपच खाली असेल तर तुम्ही न वापरलेल्या क्षमतेचे पैसे भरताय. मग पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतली खरी कामी किती आली. हाय टेन्शन (उच्चदाब) जोडणीला २०२० पासून महावितरणचं बिल केव्हीएएचवर (कामी आलेल्या नव्हे, ओढलेल्या एकूण विजेवर) येतं, त्यामुळे खराब पॉवर फॅक्टरचा दंड वेगळा दिसत नाही, तो थेट युनिटमध्येच मिसळून येतो. १०० किलोवॅटचा बोजा ०.९० वर १११ केव्हीए होतो. पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कपॅसिटर पॅनलमधले दोन कपॅसिटर फुगून मेलेले असले तरी बाहेरचा दिवा हिरवाच असतो. क्लॅम्प मीटर लावून प्रत्येकाचा करंट बघायला तुमच्या वायरमनला अर्धा तास पुरेल.

हे झाल्यावर मीटर लावा : चिलर, पंप, लिफ्ट, कॉमन लायटिंग यांचे वेगवेगळे. नुसत्या सब-मीटरनं रात्री अकराला कोण वीज खातंय ते कळतं. एआयचा नंबर त्यानंतर. आणि कंपनीला दोनच प्रश्न विचारा. तुमची उपकरणं बॅकनेट किंवा मॉडबस (यंत्रांनी एकमेकांशी बोलायच्या खुल्या भाषा) बोलतात का? आणि करार संपल्यावर आमची माहिती आम्हाला कुठल्या स्वरूपात परत मिळेल? मॉडबस १९७९ पासून आहे, बॅकनेट १९९५ पासून, त्यामुळे नवीन आहे म्हणून जमत नाही असं कुणी म्हणू शकत नाही. स्वतःचीच बंद भाषा बोलणारं यंत्र घेतलं की पुढची दहा वर्षं त्याच विक्रेत्याच्या दाराशी उभं राहावं लागतं. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर गुळमुळीत आलं तर चहा पाजून पाठवा.

प्रश्न : ताई, मी आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे, एका मॉलमध्ये शिफ्ट टेक्निशियन म्हणून लागलोय. मला पुढे फॅसिलिटी मॅनेजर व्हायचंय. माझं इंग्रजी कच्चं आहे. मॅनेजर लोक सगळे इंग्रजीत बोलतात. कुठला कोर्स करू?
— शिफ्ट टेक्निशियन, मूळ काटोल

उत्तर : बाळा, कोर्स सांगते, पण आधी तुझं लॉगबुक दाखव. तू दाखवणार नाहीस, कारण मला माहीत आहे त्यात काय आहे. रात्रपाळीच्या रकान्यात ‘सर्व ओके’. खाली सही. आदल्या रात्री ‘सर्व ओके’. त्याच्या आदल्या रात्रीही.

आता हे वाच : ‘रात्री २.१०. दोन नंबर पंप ओव्हरलोडवर ट्रिप. रिसेट केला, चालू. करंट १४ अँपिअर, नेहमी ११ असतो. मोटरच्या पंख्याकडच्या बाजूला बेअरिंगचा आवाज. सकाळी एक नंबरवर टाकावा.’ चार ओळी, सगळ्या मराठीत. हे वाचून सकाळचा माणूस काय करायचं ते जाणतो, आणि आठवड्यानं मोटर जळली नाही म्हणून कुणी तुझं कौतुकही करत नाही. पण वर बसलेल्या माणसाला कळतं की या पोराच्या पाळीत इमारतीकडे कुणीतरी लक्ष देतंय. मी तरी माणसं अशीच वर काढली. मुलाखतीत फाडफाड बोलणाऱ्यांपेक्षा ज्यांच्या लॉगबुकात ‘नेहमी ११ असतो’ असं सापडलं त्यांना आधी. ‘नेहमी’ माहीत असणं हीच या धंद्यातली विद्या आहे.

इंग्रजीचं सांगायचं तर लागतं, पण तुला वाटतं तेवढं नाही. मॅन्युअल वाचता आलं पाहिजे आणि पाच ओळींचा ईमेल लिहिता आला पाहिजे. ते वर्षभरात जमतं. त्याहून अवघड आहे ते समोरच्याच्या कामाचं बोलणं. सर्व्हर रूमचा एसी बंद पडला तर आयटीच्या साहेबाला ‘कॉम्प्रेसरचा एचपी कट होतोय’ (जादा दाबानं तो आपोआप बंद पडतोय) सांगून उपयोग नाही. त्याला सांग : काय झालं, तुमच्या कुठल्या खोलीला झळ लागेल, कधीपर्यंत तग धरेल, आणि मी आत्ता काय करतोय. एचपी कट तुझ्या सीनियरला सांग, त्याला तेच हवं असतं. एकच बिघाड दोन माणसांना दोन तऱ्हेनं सांगता आला की तू अर्धा मॅनेजर झालास.

तंत्राचं : वायरमन परमिट नसेल तर काढ, मग पुढे सुपरवायझरच्या परवान्याकडे बघ. सिंगल लाइन डायग्राम (विजेचा मार्ग एकेका रेघेनं दाखवणारा नकाशा) वाचायला शीक आणि तुझ्या मॉलचा स्वतःच्या हातानं एकदा काढ, ट्रान्सफॉर्मरपासून शेवटच्या डीबीपर्यंत (वीज वाटून देणाऱ्या पेटीपर्यंत). तुझ्या इलेक्ट्रिकलला जोड म्हणून रेफ्रिजरेशन-एसीचं काम शीक. श्रद्धानंद पेठेतल्या आपल्या सरकारी आयटीआयसारख्या ठिकाणी त्या ट्रेडच्या कुणाशी ओळख असेल तर सुट्टीच्या दिवशी त्याच्यामागे हिंड. एक्सेल शीक, सूत्रं घालण्यापुरतं.

थर्मोग्राफीवाला (उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं पॅनल तपासणारा) येईल तेव्हा त्याच्या मागे मागे राहा. तो रविवारी सकाळी येतो म्हणाला तर तुझ्या सीनियरला विचार, काहून रविवारी? मॉलचा पूर्ण बोजा असताना, मे महिन्याच्या दुपारी, सैल जोड तापलेला दिसतो. बोजा नसताना सगळे पॅनल निळे आणि थंड दिसतात आणि रिपोर्टवर पुन्हा तेच : सर्व ओके.

प्रश्न : आमच्या इमारतीत सगळ्यात जास्त भाडं देणारे भाडेकरू जिन्यात माल ठेवतात. मालक म्हणतात त्यांना दुखवू नका. फायर ऑडिट जवळ आलं की आठवडाभर माल हलतो, नंतर पुन्हा तिथंच.
— व्यवस्थापक, गांधीबाग

उत्तर : महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. आगीची यंत्रणा चालू आहे असं प्रमाणपत्र, ‘फॉर्म बी’, परवानाधारक एजन्सीकडून घेऊन वर्षातून दोनदा द्यायचं असतं, जानेवारी आणि जुलैत. जबाबदारी मालकाची आणि जागा वापरणाऱ्याची. म्हणजे तुमचे मालक ज्याला दुखवू इच्छित नाहीत तो आणि ते स्वतः, दोघंही त्यात आहेत. हे मालकांना तोंडी सांगू नका, पत्र लिहा आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं आगीनंतर कुणालाच आठवत नाही.

भाडेकरूशी मात्र कायद्यानं सुरुवात करू नका. गांधीबागेत गाठीच्या गाठी उतरतात, जागा कमी, आणि गाडी आली की माल कुठेतरी टाकावाच लागतो. ही त्याची खरी अडचण आहे, मस्ती नव्हे. त्याला विचारा, माल दिवसाच्या कुठल्या दोन तासांत येतो? तेवढ्या वेळापुरती पार्किंगमधली एक जागा रंगानं आखून द्या. मग त्याच्याच कामगारांना घेऊन संध्याकाळी गर्दीच्या वेळी दिवे बंद करून जिना उतरवा. मालकाचा मुलगा सोबत असला तर उत्तम. गाठीला अडखळून कुणी धडपडलं की पुढचं तुम्हाला बोलावं लागत नाही. जिन्याचं दार विटेनं उघडं अडवून ठेवलेलं असतं तेही त्याच वेळी दाखवा. ते दार धूर अडवण्यासाठी असतं, वीट लावली की जिना धुराडं होतो.

जाता जाता : पत्र्याखालच्या वरच्या मजल्यावर स्प्रिंकलर (आगीच्या उष्णतेनं नळी फुटून आपोआप पाणी सोडणारे फवारे) असतील तर काचेच्या नळीचा रंग बघा. लाल ६८ अंशांना फुटते, पिवळी ७९ ला, हिरवी ९३ ला. नागपुरात मे महिन्यात पत्र्याच्या पोटाशी किती तापतं हे मोजून मगच कुठली नळी ते ठरवा. छतालगतच्या तापमानापेक्षा नळी साधारण ३० अंशांनी वरची असावी. नाहीतर आग न लागताच माल भिजेल आणि त्याचंही खापर तुमच्यावर फुटेल.

प्रश्न : २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आमच्या तळघरात पाणी शिरलं होतं. पंप होता, पण चाललाच नाही. आता पाऊस आला की झोप लागत नाही.
— धरमपेठ

उत्तर : २२-२३ सप्टेंबरची ती रात्र. अंबाझरी ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली, आणि शहरभर जे पंप चालले नाहीत त्यांतल्या कित्येकांचं कारण एकच असावं : पंपाचा स्टार्टर (पंप चालू-बंद करणारी पेटी) त्याच तळघरात, गुडघ्याच्या उंचीवर. पाणी आधी स्टार्टरला गाठतं.

तुमच्या पंपाचं पॅनल तळमजल्याच्या वर न्या, आणि त्याला जनरेटरचा पुरवठा जोडलाय का ते बघा, कारण त्या रात्री वीज असेलच असं नाही. जनरेटर दर आठवड्याला चालवा, आणि चालवायचा तर बोजा देऊन. रिकामं फिरवलेलं डिझेल इंजिन सायलेन्सरमध्ये न जळलेलं तेल साठवत जातं. ऐन वेळी सुरू न होण्याचं नेहमीचं कारण बॅटरी असते, तिचे टर्मिनल आधी बघा. ड्रेनेजच्या बाहेर जाणाऱ्या नळावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) नसेल तर बाहेरचं पाणी संडासातूनच वर येतं, पायरीवर रेतीची पोती टाकून काही होत नाही. पाणी वाढतंय दिसलं की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची.

पण खरा घोळ दुसरा असतो. रात्री दोनला पाणी आत येताना दिसतं ते चौकीदाराला. मेन स्विच पाडायचा अधिकार त्याला आहे का? बहुतेक इमारतींत नाही. तो सुपरवायझरला फोन लावतो, तो झोपलेला, मग मालकाला, तेवढ्यात पाणी पॅनलपर्यंत. तुमच्या तळघराच्या भिंतीवर लाल रेघ मारा, पॅनलच्या बरीच खाली. चौकीदाराला लेखी सांगून ठेवा, त्याच्या भाषेत, छिंदवाड्याचा असेल तर हिंदीत : पाणी या रेघेला लागलं की कुणाला न विचारता मेन पाड, मग फोन कर. रेघेच्या वर गेलं असेल तर तळघरात उतरायचं नाही, वरून महावितरणला कळव. आणि पावसाळ्याआधी एकदा त्याच्याकडून ते करवून घ्या, कोरड्यात.

प्रश्न : सेप्टिक टँक तुंबलाय. कंत्राटदार म्हणतो, माणूस उतरवून दोन तासांत मोकळा करतो, गाडी बोलावली तर खर्च जास्त.
— हिंगणा रोड

उत्तर : नाही. २०१३ च्या कायद्यानं संरक्षणाशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि काम करवून घेणारे तुम्ही त्यात येता. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड आधी नाकाची जाणीवच मारतो, त्यामुळे ‘वास कमी झाला, आता उतर’ हे सगळ्यात घातक वाक्य आहे. गाडीच बोलवा. कंत्राटदार पुन्हा तेच म्हणाला तर त्याला बदला.

प्रश्न : सदरमधल्या आमच्या ऑफिस इमारतीच्या गेटवर रजिस्टर आहे. नाव, मोबाइल, गाडी नंबर, कुणाकडे जायचं, आधारची झेरॉक्स. एका भाडेकरूच्या पाहुणीनं तक्रार केली की तिला अनोळखी नंबरवरून फोन यायला लागले. टॅबलेट घ्यावा का?
— सुरक्षा सुपरवायझर

उत्तर : टॅबलेटनं फोन थांबणार नाहीत. आधी रकाने कमी करा. तुमचं रजिस्टर उघडं पडलेलं असतं, पुढचा पाहुणा स्वतःचं नाव लिहिता लिहिता आधीच्या बाईचा नंबर आरामात वाचतो. आधारची झेरॉक्स कशाला लागते हे मला आजवर एकाही गेटवर कुणी सांगू शकलेलं नाही. ओळख बघायची तर कार्ड बघा आणि परत द्या. कुणाला प्रत ठेवायचीच असेल तर शेवटचे चार आकडेच दिसतात ते मास्क्ड आधार मागा. मोबाइल हवाच असेल तर पाहुण्यानं तो वहीत लिहायचा नाही, गार्डनं भाडेकरूला फोन करून ‘अमुक आल्यात, पाठवू का’ विचारायचं. त्यानं काम होतं आणि पाहुणीलाही बरं वाटतं.

टॅबलेट घेतलात तर ती माहिती डिजिटल होते, आणि मग ती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते : कशासाठी घेताय ते सांगायचं, तेवढंच घ्यायचं, काम संपलं की पुसायचं. विक्रेत्याला विचारा की माहिती किती दिवसांनी आपोआप पुसली जाते आणि ती तो आणखी कुणाला देतो. गार्डच्या स्वतःच्या मोबाइलवर पाहुण्यांचे फोटो काढायची पद्धत असेल तर ती आजच बंद करा.

आणि तुमच्या चौकीमागे जुन्या रजिस्टरांची थप्पी असेल, ती रद्दीवाल्याला अख्खी देऊ नका. इतवारीत त्याच पानांच्या पुड्या होतात, नंबरांसकट. आधी फाडा.